दस्त्यावरचा तांब्याचा पत्रा

पुण्यातील कॅम्प भागातल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांपासून एक हकीकत सांगितली जाते. घरातली दुनळी बंदूक १८५७ सालची आहे आणि तिच्या दस्त्यावर जो तांब्याचा पत्रा ठोकला आहे, त्याखाली इंग्रज स्वाराच्या तलवारीचा वार आहे. घरातील वडील मागच्या वर्षी अल्लाहला प्यारे झाले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्याचे म्हणणे, तो ओबडधोबड पत्रा उखडून टाकावा, अक्रोडाचा नवा दस्ता बसवावा आणि बंदूक विकावी. बहिणीचे म्हणणे, तो पत्रा हीच तर खानदानाची निशाणी. शेवटी दोघांनी मला सांगितले, एकदा तुम्ही नजर टाका.

बंदूक घरी नव्हती, आणि तेच बरोबर होते. परवाना मरहूम वडिलांच्या नावाचा होता. परवानाधारक गेला की वारसांना हत्यार कपाटात ठेवून देता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावे लागते. धाकट्याने ते वेळेवर केले होते. त्यामुळे विक्रेत्याच्याच दुकानात, त्याच्यासमोर आम्ही ती पाहिली.

आधी सालाचा प्रश्न. विक्रेत्याने नळ्या सुट्या करून उलट्या धरल्या. खालच्या सपाट भागावर अंडाकृती चौकटीत तीन रोमन अक्षरे, ई-एल-जी, आणि त्यावर छोटा मुकुट. हा बेल्जियममधील लिएज शहराच्या चाचणीघराचा छाप. त्या काळी लिएजच्या बंदुका स्वस्त असत आणि जगभर जात. अंडाकृती छाप जुना आहे, पण त्यावर मुकुट आला तो १८९३ पासून. म्हणजे बंदूक त्याआधीची असूच शकत नाही. १८५७ चा किस्सा इथेच संपला. थोरल्याने बहिणीकडे पाहिले. ती काही बोलली नाही.

मग पत्रा. बंदुकीचा दस्ता मोडतो तो बहुतेक वेळा मानेशीच, म्हणजे जिथे हाताची मूठ बसते तिथे. चापाचे लोखंडी काम बसवण्यासाठी तिथले लाकूड आतून कोरलेले असते आणि बाहेरूनही तो भाग सर्वांत बारीक असतो. बंदूक दगडावर पडली, बैलगाडीतून घसरली, की मान तडकते. या पत्र्याचा एक रिबीट गळून पडला होता, म्हणून एक कड थोडी उचललेली होती. काहीही न उखडता बॅटरीच्या उजेडात आत पाहता आले. तलवारीचा वार लाकडाच्या रेषा आडव्या कापत जातो आणि त्याच्या कडा साफ असतात. इथे भेग तिरपी, लांब, रेषांच्या बाजूने फाटत गेलेली, आणि तिच्यात वाळलेल्या सरसाचा काळपट थर. वार नव्हे, पडझड. चापाभोवतीची लोखंडी पट्टीही एका बाजूला वाकलेली आहे, तीही हेच सांगते.

आणि आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पत्र्याच्या आतल्या अंगाला पांढरट, मऊ चकाकीचा थर होता. बाहेरून तांबे उघडे पडले होते, पण रिबिटांच्या डोक्यांभोवतीच्या खाचेत तोच पांढरा थर शिल्लक. ही कल्हई! बंदुकीच्या पत्र्याला कल्हई कोण करील? पत्र्याची एक कड जाड आणि गोल वळवलेली, आणि आतून हातोडीचे लहान लहान ठसे एकसारखे ओळीत. कसबा पेठेतील तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात, ते हे. पत्रा म्हणजे एका जुन्या देगचीच्या काठाचा तुकडा आहे. आपल्या घरांत तांब्याची भांडी आतून-बाहेरून कल्हई केलेली असत, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

बंदूक मोडली तेव्हा कोणी तरी नव्या दस्त्याचा खर्च टाळला, फुटकी देगची कापून तांबटाकडे नेली आणि त्याने भांड्याला ठिगळ लावावे तसे बंदुकीला लावले. काम उत्तम आहे. मान आजही हलत नाही. ज्या घरात दोन पैसे जपून वापरले जात, त्या घराची ही दुरुस्ती. मला विचाराल तर तलवारीच्या किश्शापेक्षा ही हकीकत मोलाची, कारण ती खरी आहे. मुलांच्या फुफ्फींना फोनवर हे सांगितले, तर त्या आधी हसल्या आणि मग विचारू लागल्या, कोणती देगची?

थोरल्याला मी एवढेच म्हटले की नव्या दस्त्याने किंमत वाढेल हा हिशेब कच्चा आहे. जुन्या वस्तूची पारख असणारा गिऱ्हाईक मूळ दस्ता आणि जुनी दुरुस्ती पाहतो. गोळी झाडण्यासाठी तर ही बंदूक कोणी घेऊच नये. नळ्यांवर धूरविरहित दारूच्या चाचणीचा छाप नाही. आजचे काडतूस त्यात घातले तर नळी फुटून हात जाऊ शकतो. आणि दुरुस्ती करायचीच ठरली, तर तीही परवाना असलेल्या कारागिराकडूनच. ओळखीच्या सुताराकडे नेणे हा कायद्याने गुन्हा आहे.

धाकट्याने वारस म्हणून पोलीस आयुक्तालयात परवान्याचा अर्ज केला आहे. भाऊ-बहिणींची संमतीपत्रे सोबत जोडली आहेत. परवाना मिळाला तर बंदूक त्याच्याकडे राहील, पण तीही तरक्याचाच भाग आहे; म्हणून विक्रेत्याकडून किंमत लिहून घेतली आणि बहिणीचा हिस्सा तिला रोख द्यायचे ठरले. तिने रक्कम मान्य केली. अट एकच घातली : निसटलेल्या रिबिटाच्या जागी नवा बसवायचा तो तांब्याचाच.