पुन्हा काट्यावर

सोयाबीनचं पोतं काट्यावरून उतरलं आणि आकडा पटला नाही, तर आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी मापाऱ्याला सरळ सांगतो, "भाऊ, पुन्हा काट्यावर घ्या." त्यात मापाऱ्याला चोर म्हटलेलं नसतं. काटा बरोबर असेल तर दुसऱ्यांदाही तेवढंच वजन भरतं आणि दोघं आपापल्या कामाला लागतात. खामगाव, चिखली, मेहकरच्या मार्केट यार्डात कुणालाही न खटकणारी ही मागणी मतमोजणीच्या हॉलमध्ये कुणी केली, की तो रडका ठरतो. हे मला मान्य नाही, आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

२३ नोव्हेंबर २०२४. बुलढाणा विधानसभेचा निकाल लागला. संजय गायकवाड यांना ९१,६६० मतं, जयश्री शेळके यांना ९०,८१९. फरक ८४१ चा. दोघांची मतं मिळून एक लाख ब्याऐंशी हजारांच्या वर जातात, म्हणजे हा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आतला. त्याच दिवशी मालेगाव मध्यमध्ये १६२ मतांनी, साकोलीत २०८ मतांनी आणि बेलापुरात ३७७ मतांनी निकाल लागले. बुलढाण्यात काही गैर झालं असं माझं म्हणणं नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण निकाल इतका काठावरचा असेल, तर मोजणी दुसऱ्यांदा होणं हा अपवाद का असावा, नियमच का नसावा, हे मला त्या दिवसापासून कळलेलं नाही.

नियम नाही असं नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांत ६३ वा नियम फेरमोजणीचा आहे. शेवटच्या फेरीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येकाची एकूण मतं जाहीर करतात. त्यानंतर उमेदवार, तो हजर नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मोजणी प्रतिनिधी, कारणं देऊन लेखी अर्ज करू शकतो. सगळ्या मतदारसंघाची फेरमोजणी मागता येते, ठरावीक केंद्रांचीही मागता येते. अधिकाऱ्याला ती पूर्ण मान्य करता येते, काही अंशी मान्य करता येते, किंवा अर्ज पोकळ वाटला तर फेटाळताही येतो. मात्र जो काही निर्णय असेल तो लेखी द्यावा लागतो, कारणांसह. आणि नमुना २० च्या निकालपत्रकावर एकदा सही झाली की दार बंद. पुढे कोर्ट.

म्हणजे सगळा न्याय त्या घोषणेच्या आणि सहीच्या मधल्या काही मिनिटांत अडकलेला आहे. हजर उमेदवारांना आणि प्रतिनिधींना अर्ज करण्याची पुरेशी संधी मिळाल्याशिवाय सही करू नये, असंही तोच नियम सांगतो. पण बाहेर तोवर गुलाल उधळलेला असतो, डीजे सुरू झालेला असतो, पोलिसांना मिरवणुकीचा रस्ता मोकळा करायचा असतो आणि पहाटेपासून उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांना घर दिसत असतं.

अशी मिनिटं मी जाळीच्या अलीकडून पाहिली आहेत. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायतीची मोजणी चालू होती. एका वॉर्डात तीन मतांचा फरक पडला. हरलेल्या बाजूचा प्रतिनिधी विशी-बाविशीचा पोरगा होता. मांडीवर वही, वहीत केंद्राचा आकडा, बेरीज तीनदा गिरवलेली. त्याची बेरीज आणि फळ्यावरची बेरीज जुळत नव्हती. तो उठून म्हणाला, "साहेब, पुन्हा मोजा." उत्तर आलं, "लेखी द्या." कोरा कागद मागायला तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. कागद मिळाला, तर अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा ते कुणी सांगेना. तो तिसऱ्या ओळीवर होता तेव्हा सही झाली. "आता पंधरा दिवसांत कोर्टात जा," असं त्याला सांगण्यात आलं. बेरीज कुणाची चुकली होती, हे त्यालाही कधी कळलं नाही आणि जिंकलेल्यालाही नाही. गावात पाच वर्षं दोन्ही गट एकमेकांकडे त्याच नजरेने बघत राहिले.

कोर्टात काय होतं? आपली न्यायालयं फेरमोजणी सहजासहजी देत नाहीत. १९६४ च्या रामसेवक यादव खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका पक्की आहे: नुसत्या संशयावरून मतपत्रिकांची पाकिटं उघडायची नाहीत, आधी नेमकी तथ्यं मांडा. मुंबई उत्तर-पश्चिमचा २०२४ चा लोकसभा निकाल आठवा. यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते, टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. कीर्तिकरांची याचिका त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयांचा हा कडकपणा मला पटतो. मत गुप्त राहिलं पाहिजे, आणि प्रत्येक हरलेल्यासाठी सीलबंद पेट्या उघडत बसलं तर कुठलाच निकाल टिकणार नाही. पण पुढचं दार इतकं अरुंद असेल, तर मोजणीच्या दिवशीचं दार रुंद हवं.

ते रुंद नसलं की काय होतं ते हरियाणात दिसलं. पानिपत जिल्ह्यातलं बुआना लाखू हे गाव. २ नोव्हेंबर २०२२ ला सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांची मतं एकमेकांच्या नावापुढे लिहिली गेल्याची तक्रार झाली आणि प्रकरण निवडणूक न्यायाधिकरण, उच्च न्यायालय असं करत दिल्लीला पोचलं. शेवटी यंत्रं सर्वोच्च न्यायालयात मागवली गेली. ६ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या निबंधकाने दोन्ही बाजूंसमोर, कॅमेरा लावून, सगळ्या केंद्रांची मतं मोजली. हरलेल्याला १,०५१ आणि सरपंच म्हणून बसलेल्याला १,००० मतं निघाली. पावणेतीन वर्षं गावाचा कारभार लोकांनी न निवडलेल्या माणसाकडे होता. यंत्र खोटं बोललं नव्हतं. कागदावर उतरवताना माणसाचा हात चुकला होता, आणि ती चूक त्याच दिवशी टेबलावर दुरुस्त होण्यासारखी होती.

यंत्रांवरच्या निवडणुकीत फेरमोजणी म्हणजे काय, हे लोकांना नीट सांगितलंच जात नाही. कंट्रोल युनिटचं बटण पुन्हा दाबलं की तोच आकडा पुन्हा दिसणार. त्याने उतरवण्यातली, बेरजेतली चूक सापडते, आणि ती तपासायला मोजणी प्रतिनिधीच्या हातात सतरा-सी नमुना असतो: केंद्राचं नाव, यंत्राचा क्रमांक, सीलचा क्रमांक, पडलेली एकूण मतं. मुरलेला प्रतिनिधी यंत्र टेबलावर आलं की आधी सील बघतो, मग आकडा. पण यंत्राचीच परीक्षा घ्यायची तर कागद लागतो. तो व्हीव्हीपॅटच्या पेटीत असतो. सात सेकंद काचेमागे दिसून खाली पडलेली ती चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणीही उमेदवाराला नियमाने करता येते, आणि यंत्राचा व चिठ्ठ्यांचा आकडा वेगळा निघाला तर चिठ्ठ्यांचा धरला जातो. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. त्यापलीकडचं सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. पण नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका यंत्रसंचाच्या तपासणीचा खर्च ४०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ४७,२०० होता. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. हमीभाव मिळाला असं धरलं तरी एका संचासाठी साडेनऊ क्विंटलांहून जास्त सोयाबीन. आमच्या जिल्ह्यात हमीभाव किती जणांच्या हातात पडतो ते वाचकांना माहीत आहे.

आपल्या स्थानिक निवडणुकांत तर कागदच नाही. बहुतेक नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. दुसऱ्या दिवशी व्हायची ती मोजणी नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ डिसेंबरवर गेली. एकोणीस दिवस यंत्रं कुलपात आणि माणसं बाहेर, आणि त्या यंत्रांना व्हीव्हीपॅट जोडलेलंच नव्हतं. नगरसेवकाचा निकाल दोन-चार मतांवर फिरतो, समसमान मतं पडली तर ईश्वरचिठ्ठी काढतात. जिथे एकेका मताला सर्वांत जास्त किंमत आहे, तिथेच पुन्हा मोजायला काही उरत नाही. हे मला सर्वांत जास्त छळतं.

माझी मागणी साधी आहे. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर कुणी अर्ज न करता त्या मतदारसंघातल्या सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात अर्ध्या टक्क्याच्या आतला निकाल आपोआप फेरमोजणीला जातो. आपल्याकडे अशी मोजणी करायला दोन दिवस लागले तरी लागू द्यावेत. मतदानापासून निकालापर्यंत आपण दिवसचे दिवस थांबतो, आणखी दोन दिवसांनी कुणाचं काही बिघडत नाही. स्थानिक निवडणुकांच्या यंत्रांनाही कागद जोडावा.

हे कायद्यात येईपर्यंत एक गोष्ट कुठलाही निवडणूक निर्णय अधिकारी आपल्या अखत्यारीत करू शकतो. मोजणीच्या प्रत्येक टेबलावर फेरमोजणीच्या अर्जाचे कोरे छापील नमुने ठेवावेत, सोबत पेन ठेवावं, आणि निकालपत्रकावर सही करण्याआधी हॉलमध्ये मोठ्याने विचारावं, "कुणाला अर्ज द्यायचा आहे का?"