ताट वेगळे कशासाठी?



मागील महिन्यात आम्ही वस्तीतल्या एका ताईंना भेटावयास गेलो. अंगावर पाण्याचे फोड, तोंडात जखमा, भाकरीचा घास गिळवत नाही. घरच्यांनीच त्यांचे ताट व पेला वेगळा ठेवला होता. वेगळ्या पेल्याचे दुःख ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याच समाजाच्या घरात हे पाहून आमची मान खाली गेली.

या रोगाचे नाव पेम्फिगस. तो शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. ही करणी नाही, कोणाचा कोपही नाही. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच वाट चुकते व कातडीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते. पेशी सुटतात, फोड येतात. पुष्कळांना आधी तोंडातच जखमा होतात. उष्णता समजून महिने वाया जातात.

स्टिरॉइड औषधे येण्यापूर्वी बहुतेक रोगी दगावत. आज तसे नाही. प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन ही औषधे वाट चुकलेल्या शक्तीला आवरतात. १९८२ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी ‘पल्स’ उपचार सुरू केला. त्यात दर २८ दिवसांनी ओळीने तीन दिवस सलाईनमधून डेक्सामेथासोन व एक दिवस सायक्लोफॉस्फामाइड देतात. रिटुक्सिमॅब हे नवे इंजेक्शनही आहे. अमेरिकेत २०१८ साली त्यास या रोगासाठी मान्यता मिळाली.

ताईंची चूक एकच झाली. फोड सुकले, गोळ्यांनी चेहरा सुजला, म्हणून त्यांनी गोळ्या एकदम बंद केल्या. फोड दुपटीने परतले. स्टिरॉइड एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू.

या औषधांनी साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जुना क्षयही डोके वर काढतो. म्हणून रक्त वेळेवर तपासावे. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. घरात एक वही करावी. तारीख, गोळी, साखर, सारे जमाखर्चासारखे लिहावे.

त्या दिवशी आम्ही ताईंच्या शेजारी बसून जेवलो. उठताना त्यांच्या मुलाने वेगळा पेला उचलून मांडणीवर इतर पेल्यांत ठेवला. औषध डॉक्टर देतील, पण हे काम आपल्यालाच करावे लागेल.

जयभीम!