सिकलसेल : दोष एकट्या सुनेचा कसा?



लेकराचे हातपाय सुजतात, सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात. तपासणीत सिकलसेल निघतो आणि घरात पहिला प्रश्न येतो, "हे आणले कोणी?" बोट वळते सुनेकडे. त्यात मोबाईलवरचे संदेश तेल ओततात. कोणी सांगते, हा आजार शिवल्याने होतो. कोणी सांगते, ही करणी आहे. कोणी एखाद्या पाल्याचा रस सुचवते आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद करायला लावते.

या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. सिकलसेल रक्तातून, पिढीजात येतो. एका ताटात जेवल्याने किंवा सोबत झोपल्याने तो होत नाही. विदर्भात तो नवाही नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांचा शास्त्रीय लेख १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता. चंद्रपूर-गडचिरोलीत गोंड, माडिया, परधान समाजांत तो आहे, तसा आपल्या बौद्ध समाजातही आहे. यात पाप नाही की शाप नाही. सिकलसेलचा एकच गुण अंगी असलेल्या माणसाला जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या मुलखात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला.

आता हिशेब समजून घ्या. प्रत्येक लेकराला रक्ताचा एक गुण आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. एकच सदोष असेल तर ते लेकरू वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो रोगी नव्हे. दोन्ही सदोष असले तरच रुग्ण. म्हणजे रुग्ण लेकराला जेवढे आईकडून आले, तेवढेच बापाकडूनही आले. मग एकट्या सुनेला बोल कशाचा?

नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर दर बाळंतपणाला लेकरू रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. एक लेकरू रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. जोडीदारांपैकी एकच वाहक असून दुसऱ्याचे रक्त पूर्ण निर्दोष असेल, तर मूल रुग्ण होत नाही. म्हणून केवळ वाहक आहे एवढ्यावरून मुलीची सोयरीक मोडणे हा अन्याय आहे.

हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नये. रुग्णाला भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा. ताप आला, छातीत दुखू लागले, दम लागला किंवा अचानक हातपाय लुळे पडले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. रक्त चढवल्याने त्या वेळचा धोका टळू शकतो, पण आजार जात नाही.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट तेव्हा ठेवले होते. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा आणि घरातील तरुण मुलामुलींचे रक्त लग्नाआधीच तपासून घ्या. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच पुढचे ठरवा.

आपण पत्रिका जुळवणे सोडले, ते बरेच केले. आता सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे रक्ताचे अहवाल तेवढे समोर ठेवा. मुलीचा मागाल, तर मुलाचाही दाखवा.