पिंजऱ्यातला विठू

सूर्यास्ताला अजून घटकाभर अवकाश असतो. कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधल्या विठ्ठलवाडी स्थानकावर घरी परतणाऱ्यांची गर्दी उतरत असते, आणि त्याच वेळी रुळांवरून पोपटांचे लहान-मोठे थवे रातथाऱ्याच्या झाडांकडे निघालेले असतात. लोकलच्या भोंग्यालाही न जुमानणारा त्यांचा कलकलाट क्षणभर ऐकू येतो आणि विरून जातो. स्थानकाजवळच्या एखाद्या इमारतीच्या गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यातला पोपट त्या क्षणी दांडीवरून उसळतो, तारेला चोच लावून तशीच कर्कश साद घालतो आणि थवा दिसेनासा झाल्यावर गप्प बसतो. घरातली मंडळी कौतुकाने म्हणतात, "बघा, विठूला कशी समज आहे!"

ही समज नेमकी कशाची, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

मराठी घरांत पोपटाला विठू, मिठू, राघू अशी लाडकी नावे मिळतात. व्यापारी कुटुंबांत तर तो घरातलाच एक होऊन जातो. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी त्याला पेरूची फोड मिळते, दुपारी आजी त्याच्याशी बोलते, रात्री हिशेबाची वही मिटल्यावर घरचे कर्ते पुरुष पिंजऱ्याशी दोन शब्द बोलून मगच झोपतात. या मायेत खोट नाही. म्हणूनच या विषयावर लिहिणे अवघड होते. कारण येथे दोष क्रौर्याचा नसून प्रेमाचा आहे.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे, म्हणजे अहिंसाणुव्रताचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ठार मारणे ही तर व्रतभंगाचीच गोष्ट झाली. अतिचार म्हणजे व्रत न मोडता त्याला लागणारा डाग. त्या यादीत सूत्रकारांनी सर्वात आधी बंध ठेवला आहे. जिवाला त्याच्या इच्छेप्रमाणे हिंडूफिरू न देता अडकवून ठेवणे म्हणजे बंध. तिसरा अतिचार छेद, म्हणजे अवयव कापणे. पोपट उडून जाऊ नये म्हणून विक्रेता त्याची उड्डाणपिसे कातरून देतो. पिसे कापताना रक्त येत नाही, म्हणून त्यात काही वावगे वाटत नाही. पण पक्ष्याचे पक्षीपण ज्यावर उभे आहे तेच त्या कात्रीखाली जाते. संवत्सरी प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना करणाऱ्या घराच्या गॅलरीत पिंजरा टांगलेला असतो, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मग व्यवहाराकडे वळावे. गळ्याभोवती गुलाबी वलय असलेला आपल्याकडचा नेहमीचा पोपट नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षे जगतो. दुसरीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला पक्षी त्या मुलाचे लग्न होईपर्यंत घरात असतो. मूल शिकायला पुण्याला जाते, आजी देवाघरी जाते, आणि विठूची जबाबदारी ज्या सुनेने त्याला कधी मागितलेच नव्हते तिच्याकडे येते. पालिताण्याची किंवा शिखरजीची यात्रा निघाली की शेजाऱ्याला किल्ली द्यावी लागते. दुकान सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत चालते, आणि तेवढा वेळ तो पक्षी एकटा असतो.

पोपट हा थव्याचा जीव. रानात तो खातो, उडतो, न्हातो, झोपतो ते सोबत्यांबरोबर. सोबत्यांच्या हाका शिकून घेण्याची विलक्षण शक्ती निसर्गाने त्याला दिली आहे. पिंजऱ्यात सोबती नसतो, तेव्हा त्याच शक्तीने तो माणसाचे शब्द शिकतो. रानात तो "या, बसा" म्हणत नाही, कारण त्याला त्याची गरज नसते. ज्या बोलण्याचे पाहुण्यांसमोर कौतुक होते, ते त्याच्या एकाकीपणाचे फळ असते. हा एकाकीपणा फार वाढला की तो स्वतःचीच पिसे उपटू लागतो; छाती उघडी पडते, आणि घरचे समजतात की ऋतुमानाने पिसे गळत आहेत.

खाण्याचीही तीच कथा. सूर्यफुलाच्या बिया पोपट आवडीने खातो, म्हणून अनेक घरांत त्याला दुसरे काही मिळतच नाही. त्या बियांत चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व नगण्य. पिंजऱ्यात उड्डाण नाही, तेव्हा ती चरबी यकृतात साठते. शेव, गाठिया, चहात बुडवलेले बिस्कीट हे लाडाने दिलेले पदार्थ त्याच्या एवढ्याशा मूत्रपिंडांना मिठाचे ओझे होतात. मिरचीबद्दल मात्र घरचे उगाच हळहळतात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, आणि ताज्या हिरव्या मिरचीने त्याचे काही बिघडत नाही. खरा धोका स्वयंपाकघरात असतो, जिथे कुणाचे लक्ष नसते. न चिकटणारा तवा रिकामाच गॅसवर राहून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला फारसा न जाणवता पोपटाचा जीव घेऊ शकतो.

आणखी एक विसंगती. घरात चौविहार पाळला जातो, सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेतला जात नाही. पोपटाची जातही उपजत सूर्यास्ताबरोबर खाणे थांबवून झोपी जाणारी. पण दिवाणखान्यातला दूरदर्शन संच रात्री साडेअकरापर्यंत चालू असतो, आणि त्याच्या उजेडात दांडीवर डोळे मिटत-उघडत बसलेल्या त्या चौविहारी जिवाला रात्र मिळत नाही.

पक्षी घरात येतो कुठून, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. मागणी असल्याशिवाय माल येत नाही. पोपट स्वतः झाड कोरून घर करीत नाही म्हटले तरी चालेल. तांबट किंवा सुतार पक्ष्याने कोरलेली जुनी ढोली तो शोधतो, थोडी रुंद करतो आणि हिवाळा सरत असताना तिथे अंडी घालतो. पिल्ले डोळे उघडून अंगावर कोंब फुटण्याच्या बेतात आली की पकडणारा झाडावर चढतो. ढोलीत हात जात नसेल तर तिचे तोंड कुऱ्हाडीने मोठे केले जाते किंवा फांदीच तोडली जाते, आणि ती ढोली पुढच्या वर्षी कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. टोपल्यांत दाटीवाटीने भरून होणाऱ्या त्या प्रवासात मरणारी पिल्ले कोणत्याच वहीत लिहिली जात नाहीत. जिवंत पोहोचलेल्यांवरच त्यांचाही खर्च बसवलेला असतो.

आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात गुजरातेत योगशास्त्र लिहिले, ते राजा कुमारपालाच्या काळात, व्यापारी श्रावकांच्या भरभराटीच्या दिवसांत. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांपैकी असतीपोषणाचे विवरण करताना, धनासाठी जे प्राणी पोसू नयेत त्यांत मैना आणि पोपट यांची नावे त्यांनी स्पष्टपणे घेतली आहेत. वंदित्तु सूत्रात हे कर्मादान आजही म्हटले जाते. यावर कोणी म्हणेल, की निषेध धनासाठी पोसण्याचा आहे, हौसेसाठी नव्हे. शब्दशः ते खरे आहे. पण प्रत्येक सौद्याला दोन बाजू असतात; ज्याने पक्षी विकला त्याने तो धनासाठीच पोसला होता, आणि ते धन ज्या गल्ल्यातून गेले तो गल्ला कुणाचा होता हे सांगावे लागत नाही.

देशाचा कायदाही याच दिशेने गेला आहे, फक्त फार उशिरा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चा. भारतीय जातींच्या पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१पासून पूर्णपणे बंद आहे. २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. तिच्यानुसार नेहमीचा हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहे, आणि त्याला बाळगणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकणारा गुन्हा आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपटही संरक्षितच. वीस वर्षे घरात आहे, दाखला कुठे काढायचा, असे विचारणाऱ्यांना उत्तर एकच: असा दाखला मिळत नाही. परदेशी जातींची गोष्ट वेगळी. आफ्रिकन ग्रे पोपटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७पासून कडक निर्बंधांखाली आला असून, २०२४च्या नियमांनुसार अशा संरक्षित विदेशी जातींची नोंदणी वनखात्याच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. नोंदणी झाली की कायदा समाधानी होतो. बंध मात्र तसाच राहतो, कारण पिंजऱ्याची तार पक्षी कुठल्या देशाचा हे पाहत नाही.

इथवर वाचून काही घरांत एक सहज विचार येईल, आणि तोच सर्वात घातक आहे: महावीर जयंतीला किंवा पर्युषणात बाजारातून चार पोपट विकत घेऊन अभयदान द्यावे. भाव शुद्ध असतो, यात शंका नाही. पण पकडणाऱ्याच्या दृष्टीने तो केवळ ग्राहक असतो, तोही तिथीवार ठरलेला, घासाघीस न करणारा. चार सोडवले की पुढच्या सणासाठी आठ पकडण्याची मागणी नोंदली जाते. उत्तराध्ययन सूत्रातल्या बाविसाव्या अध्ययनात अरिष्टनेमींची कथा आहे. विवाहाला जाताना वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेले भयभीत जीव त्यांना दिसले. त्यांनी ते जीव विकत घेतले नाहीत. ज्या कारणासाठी ते कोंडले गेले होते ते कारणच, म्हणजे स्वतःचा विवाह, त्यांनी सोडून दिले.

दुसरी चूक घरातल्या पिंजऱ्याचे दार उघडण्याची. एखाद्या सकाळी आजी नवकार म्हणून दार उघडते, विठू गॅलरीच्या कठड्यावर येतो, जवळच्या पिंपळापर्यंत धडपडत जातो, आणि डोळ्यांत पाणी आणून सगळे हात जोडतात. पुढचे कोणी पाहिलेले नसते. कातरलेली उड्डाणपिसे पुढच्या पीसगळतीपर्यंत येत नाहीत. वर्षानुवर्षे न वापरलेल्या स्नायूंत बळ नसते. कोणते फळ कोणत्या झाडावर असते हे त्याला ठाऊक नसते, ससाणा आणि मांजर यांचे भय त्याने कधी शिकलेले नसते, आणि भूक लागली की तो माणसाच्याच खिडकीत जातो. कावळ्यांच्या तावडीत सापडलेला किंवा दुसऱ्याच घरच्या पिंजऱ्यात पोहोचलेला असा पोपट ही विरळा घडणारी गोष्ट नाही. बंधातून सोडवताना वध पदरात येऊ नये, एवढी दक्षता येथे लागते.

ही दक्षता म्हणजे काय, याचा धडा आपल्याच समाजाने दिल्लीत घालून दिला आहे. लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्षी रुग्णालयात जखमी पक्ष्यांवर विनामूल्य उपचार होतात, आणि बरा झालेला पक्षी आणून देणाऱ्याला परत न देता उडण्याजोगा झाल्यावर मुक्त केला जातो. मालकी हा शब्दच तिथे चालत नाही.

विठ्ठलवाडी-कल्याणच्या घराला यातले करता येण्यासारखे इतकेच आहे: वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा कल्याणच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतःहून कळवणे, आणि पक्षी त्यांच्या हाती देणे. धीर होत नसेल तर पांजरापोळीच्या एखाद्या विश्वस्तांना किंवा प्राणिमित्रांना बरोबर घ्यावे. पण गुन्हा नोंदला जाईल या भीतीने रात्री पिंजरा पुलाखाली ठेवून येण्याचा अघोरी मार्ग धरू नये. द्यायला जाताना पक्ष्याचे साधारण वय, तो काय खातो, त्याची पिसे केव्हा कातरली होती, हे एका कागदावर लिहून न्यावे. उपचार करणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. उपचार केंद्रात त्याला आधी स्वतंत्र ठेवून तपासतात, मग मोठ्या जाळीच्या खोलीत स्वजातीयांबरोबर सोडतात, जिथे तो उडायला आणि फळ सोलायला नव्याने शिकतो. याला महिने लागतात. काही पक्ष्यांना रान पुन्हा लाभत नाही. त्यांचे उरलेले आयुष्य त्या मोठ्या जाळीतच, पण निदान थव्यात जाते. भेटायला येण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये, कारण माणसाचा लळा सुटणे हाच उपचाराचा अर्धा भाग असतो.

आजीला हे सांगणे सोपे नाही. बारा-पंधरा वर्षे ज्याच्याशी दुपार काढली त्याला दुसऱ्याच्या हाती देताना तिला तिच्या मायेचा अपमान झाल्यासारखे वाटते, आणि नातवाने तिला कायद्याचे कलम वाचून दाखवले तर ते वाटणे वाढतेच. तिला संध्याकाळी सहाच्या सुमारास गॅलरीत बसवावे, थवा जाईपर्यंत. विठू त्या वेळी काय करतो ते तिने आजवर अनेकदा पाहिले आहे. या वेळी कुणी काही बोलू नये.

पक्षी गेल्यावर काही दिवस हरभऱ्याची डाळ सवयीने भिजत घातली जाईल. गॅलरीत पाण्याचे उथळ मातीचे भांडे ठेवता येईल, रोज घासून, पाणी बदलून. चिमण्या-बुलबुल त्यावर येतात. रिकामा पिंजरा मात्र माळ्यावर ठेवू नये आणि कुणाला वापरायलाही देऊ नये. पक्कडीने त्याच्या तारा तोडून, सांगाडा दाबून सपाट करून, मगच तो भंगारवाल्याच्या गाडीवर टाकावा.