‘पहिली’ म्हणून गौरव, गायिका म्हणून उपेक्षा

एखाद्या कलावंताचा गौरव करण्याची एक सोयीस्कर रीत सांस्कृतिक जगात रूढ आहे. त्याला ‘पहिला’ म्हणायचे. एकदा हा शब्द उच्चारला, की त्याच्या कलेविषयी काही बोलण्याची जबाबदारी संपते. आणि त्याच्याआधी इतकी वर्षे कुणीच का नव्हते, हा अडचणीचा प्रश्नही सभ्यपणे बाजूला सारता येतो. अमेरिकन सोप्रानो लिओन्टीन प्राइस हिच्या वाट्याला हा गौरव भरपूर आला. तिच्यावरचा कोणताही परिचयलेख उघडावा, पहिल्या दोन वाक्यांत ‘पहिली कृष्णवर्णीय’ हे शब्द सापडतातच. या गौरवाने प्राइसवर अन्याय केला आहे, असे आमचे म्हणणे आहे. हा अन्याय केवळ संगीताच्या इतिहासातला असता तर साहित्याच्या शिक्षकांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. पण तो वाचनाच्या एका सवयीतून जन्मतो, आणि ती सवय आपल्या ओळखीची आहे.

आधी नोंद तपासू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या, म्हणजे ‘मेट’च्या, रंगमंचावर प्राइस प्रथम उभी राहिली ती २७ जानेवारी १९६१ रोजी. त्या रंगमंचावरची ती पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका नव्हती. मेटची स्थापना १८८३ची. तिथे पहिल्यांदा गायली मॅरियन अँडरसन, ७ जानेवारी १९५५ला. तेव्हा तिचे वय सत्तावन्न होते आणि आवाजाचा बहर ओसरला होता. त्याच महिन्यात बॅरिटोन रॉबर्ट मॅकफेरिन आला. १९५६मध्ये मॅटिविल्डा डॉब्ज, १९५८मध्ये ग्लोरिया डेव्ही, १९५९मध्ये मार्टिना अरोयो. मेटच्या बाहेर पाहिले, तर न्यूयॉर्क सिटी ऑपेरामध्ये कमिला विल्यम्सने १९४६मध्येच ‘मादाम बटरफ्लाय’ गाऊन दाखवले होते. प्राइसने स्वतः कधी या पूर्वसुरींना नाकारले नाही. वयाच्या नवव्या वर्षी मिसिसिपीतील जॅक्सन इथे ऐकलेले अँडरसनचे गाणे तिने आपले प्रेरणास्थान मानले. ‘पहिली’ हा शब्द ज्यांना प्रिय आहे ते मात्र या साऱ्यांना पुसून टाकतात.

ही नामावली नुसती तारखांची म्हणून वाचली तरी फसगत होते. तिच्याशेजारी भूमिका मांडून पाहा. अँडरसनला मिळाली व्हेर्दीच्या ‘अन बाल्लो इन मास्केरा’मधली उल्रिका, जिला संहिताच कृष्णवर्णीय भविष्यवेत्ती म्हणते. मॅकफेरिनला ‘आईदा’तला आमोनास्रो, म्हणजे इथिओपियाचा राजा. डेव्हीला आईदा, इथिओपियाची राजकन्या, जी इजिप्तमध्ये दासी आहे. अरोयोला ‘डॉन कार्लो’तला स्वर्गीय आवाज, जो पडद्याआडून ऐकू येतो आणि ज्याची गायिका प्रेक्षकांना दिसतच नाही! डॉब्जची ‘रिगोलेत्तो’तली गिल्डा हा ठळक अपवाद. म्हणजे दार उघडले होते, पण कोणत्या पेहरावात आत यायचे हे बहुतेक वेळा दारवानाने ठरवले होते. ‘पहिलेपणा’ची यादी हा पेहराव लपवते.

प्राइसच्या कारकिर्दीतला निर्णायक क्षण इथे येतो, आणि तो टाळ्यांचा नाही, नकाराचा आहे. मेटचा व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग याने तिला १९६१च्या आधीच ‘आईदा’साठी विचारले होते. तिचे ज्येष्ठ मार्गदर्शक, दूरचित्रवाणीवरील ऑपेराचे संचालक पीटर हर्मन ॲडलर, यांनी सल्ला दिला की मेटमध्ये पहिले पाऊल टाकायचे ते दासी म्हणून नव्हे, एक खानदानी स्त्री म्हणून. प्राइसचा पती विल्यम वॉरफिल्ड याच्या आठवणींतून ही हकीकत पुढे आली आहे. प्राइसने सल्ला मानला आणि ती थांबली. आईदा तिला नकोशी होती असे नव्हे. १९५८मध्ये ती व्हिएन्नात कारायानच्या संचालनाखाली आणि लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, तर १९६०मध्ये मिलानच्या ला स्कालात आईदाच गायली होती. तिचा आक्षेप भूमिकेला नव्हता, त्या दारातून त्या भूमिकेत प्रवेश करण्याला होता. मेटमध्ये ती आली ती ‘इल ट्रोव्हातोरे’तली लिओनोरा म्हणून, स्पेनच्या दरबारातली एक सरदारकन्या म्हणून. तिच्यासोबत त्याच रात्री टेनर फ्रँको कोरेलीचेही मेटमधले पदार्पण होते.

त्या रात्रीनंतर बेचाळीस मिनिटे टाळ्या वाजत राहिल्या, असे सांगितले जाते. हा आकडा लेखामागून लेखात फिरत असतो. टाळ्यांची मिनिटे मोजणाऱ्या या लेखकांपैकी किती जणांनी लिओनोराच्या चौथ्या अंकातल्या एकलगीताविषयी चार वाक्ये लिहिली? तिथे गायिकेला लांबच लांब स्वरवाक्ये एका श्वासात, आवाज न चढवता, वर तरंगत न्यावी लागतात. मध्येच कंपस्वरांची नाजूक वेलबुट्टी येते. आणि मायक्रोफोनशिवाय हे सारे भल्यामोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे असते. प्राइसचे सामर्थ्य नेमके तिथे होते. तिच्या वरच्या सप्तकाला जी झळाळी होती तिच्यामुळे सूर चढताना बारीक होत नसे, उलट उमलत जाई. खालच्या पट्टीत हाच आवाज किंचित धुरकट, खरखरीत होत असे, आणि उत्तरकाळात सुरावर खालून घसरत येण्याची लकबही त्यात शिरली. हे दोष नोंदवणे म्हणजे तिचा अवमान नव्हे. ज्या कलावंताचे दोष सांगण्याची आपली तयारी नसते, त्याला आपण कलावंत मानलेलेच नसते. आपण त्याचा फक्त सत्कार करत असतो.

ही सत्कारकथा आणखी एका कारणासाठी लोकप्रिय आहे. ती व्यवस्थेला निर्दोष ठरवते. लॉरेल या मिसिसिपीतल्या गावी १९२७मध्ये जन्मलेली मुलगी, लाकूडगिरणीत राबणारा बाप, सुईण असलेली आणि चर्चच्या गायकवृंदात गाणारी आई, चिझम या सधन गोऱ्या कुटुंबाची मदत, जूलियार्डची शिष्यवृत्ती, आणि मग मेट. गुण असले की अमेरिकेत माणूस वर येतोच, असा या कथेचा गाभा. पण हीच मुलगी ओहायोतल्या विल्बरफोर्स इथे शिकायला गेली ती संगीतशिक्षिका होण्यासाठी, कारण कृष्णवर्णीय मुलीला ऑपेरा हा व्यवसाय असू शकतो अशी कल्पनाही तेव्हा शहाणपणाची नव्हती. तिच्या जूलियार्डच्या खर्चासाठी झालेल्या मदतनिधीच्या कार्यक्रमात पॉल रोब्सन गायला. जानेवारी १९५५मध्ये एनबीसीच्या दूरचित्रवाणीवर ती ‘टोस्का’ गायली, तेव्हा दक्षिणेकडच्या काही केंद्रांनी तो कार्यक्रम दाखवायचे नाकारले. गुणांची उणीव तेव्हाही नव्हती. उणीव होती ती ऐकणाऱ्यांच्या माणुसकीत. गुणवत्तेच्या विजयाची कथा सांगताना हे तपशील ‘अडथळे’ या एका शब्दात गुंडाळले जातात, जणू ते हवामानाचे अडथळे होते आणि त्यांना कर्ता नव्हता.

याविरुद्ध दुसरा पक्ष आहे, आणि तो स्वतःला शुद्ध कलावादी म्हणवतो. त्याचे म्हणणे असे, की आवाजाला रंग नसतो. डोळे मिटून ऐका. ऐकायला हे उदात्त वाटते, पण प्राइसने स्वतः हे कधी मान्य केले नाही. आईदा गाताना आपली त्वचा हीच आपली वेशभूषा असते, असे ती अभिमानाने सांगत असे. गोऱ्या गायिकांनी चेहऱ्याला रंग फासून जी भूमिका दशकानुदशके केली, तिच्यात काहीही न फासता उभे राहणे यात केवळ रूपसाम्य नव्हते. जी भूमिका तिने दारात नाकारली, तिच्याच द्वारे तिने ३ जानेवारी १९८५ रोजी मेटमधून ऑपेराचा निरोप घेतला. १९९०मध्ये तिने आईदाची कथा मुलांसाठी पुस्तकरूपाने सांगितली. नकार आणि स्वीकार, दोन्ही तिचे स्वतःचे होते. ‘आवाजाला रंग नसतो’ म्हणणाऱ्यांना तिचा नकार कळत नाही, आणि ‘पहिली कृष्णवर्णीय’ म्हणणाऱ्यांना तिचा स्वीकार कळत नाही. शिवाय डोळे मिटले तरी कान निरागस होत नाहीत. नीना सुन आइड्सहाइम या अभ्यासिकेने २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की आवाजाच्या पोतात आपल्याला वंश ‘ऐकू येतो’ तो गळ्यामुळे नव्हे, ऐकणाऱ्याच्या घडणीमुळे. प्राइसच्या आवाजाला लावली जाणारी ‘काळसर’, ‘धुरकट’ ही विशेषणे कुठे नाद वर्णितात आणि कुठे चेहरा, हे पारखणे हेच समीक्षकाचे काम. आम्हीही वर ‘धुरकट’ म्हटले. पण ते खालच्या पट्टीतल्या विशिष्ट स्वरांपुरते. साऱ्या आवाजाला ते चिकटवले असते, तर वाचकाने आमच्यावरही संशय घ्यावा.

संस्थेला ‘पहिलेपण’ किती उपयोगी पडते ते पुढच्या इतिहासात दिसते. १६ सप्टेंबर १९६६ रोजी लिंकन सेंटरमधली मेटची नवी वास्तू उघडली. सॅम्युअल बार्बरने प्राइससाठी लिहिलेला ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ त्या रात्री सादर झाला. झेफिरेल्लीच्या अवाढव्य नेपथ्याने सर्व काही गिळले; तालमीत तर प्राइस पिरॅमिडमध्ये अडकून पडली होती. प्रयोग कोसळला. पण त्यातले संगीत प्राइसने सोडले नाही. क्लिओपात्राचे प्रवेश ती पुढे मैफलींत गात राहिली. हे तिचे कलावंत म्हणून मोठेपण. परिचयलेखांना मात्र त्या रात्रीचा झगमगाट पुरतो. पुढे पाहा. ‘ओथेल्लो’च्या गोऱ्या गायकाचा चेहरा काळवंडण्याची प्रथा मेटने सोडली ती २०१५मध्ये. कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा तिथे पहिल्यांदा झाला २७ सप्टेंबर २०२१ रोजी. तो टेरेन्स ब्लँचर्डचा. स्थापनेनंतर एकशे अडतीस वर्षांनी! त्यापूर्वी विल्यम ग्रँट स्टिलसारख्या संगीतकाराला तिथून नकार मिळाले होते. २०२१च्या त्या रात्रीचेही ‘ऐतिहासिक’ म्हणून स्वागत झाले. १९५५ ऐतिहासिक, १९६१ ऐतिहासिक, २०२१ही ऐतिहासिक. जी संस्था सतत इतिहास घडवते तिने तो आधी किती काळ अडवून धरला होता, हे विचारायला नको का? आणि २०२२च्या जुलैमध्ये इटलीत व्हेरोना इथे ‘आईदा’साठी गोऱ्या गायिकांचे चेहरे रंगवले गेले, तेव्हा त्या महोत्सवातून माघार घेणारी सोप्रानो एंजल ब्लू हीच प्राइसची खरी वारस ठरते, तिने वारसा घेतला तो नकाराचा.

आता वर म्हटलेल्या ओळखीच्या सवयीकडे येऊ. मराठीशी याचा दुवा कृत्रिम नाही. १९७२मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचे दाखले दिले गेले. नाते जोडले, पण वाचनाची सवय बदलली का? दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८मध्ये आले. मराठीच्या वर्गांत त्याच्यावर ‘दलित जीवनाचे दर्शन’ या वळणाचा प्रश्न हमखास पडतो, आणि पुस्तकाला आरंभीच्या मानाचा एक टिळा लावला की तास संपतो. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला ऐकवतो. एकाच माणसाचे दोन तुकडे, एक बोलणारा, एक ऐकणारा. निवेदनाची एवढी धीट रचना समोर असताना चर्चा ‘अनुभवाच्या दाहकते’पाशी का थबकते? दाहकता मान्य करण्यात धोका काही नसतो. तिला मान दिला की आपण उदार ठरतो. रचना मान्य केली, तर मात्र लेखक आपला समकक्ष ठरतो, किंबहुना वरचढ. इतर पुस्तकांना आपण कलाकृती म्हणून वाचायचे आणि यांना दस्तऐवज म्हणून, ही विभागणी अँडरसनला उल्रिका आणि अरोयोला अदृश्य आवाज देणाऱ्या विभागणीहून फारशी वेगळी नाही.

कुणी म्हणेल, ‘पहिलेपणा’ची नोंद करूच नये काय? अवश्य करावी. मात्र तिच्यासोबत तीन प्रश्न यावेत. दार कुणी बंद ठेवले होते? ते उघडताना कोणती भूमिका देऊ केली? आणि आत आल्यावर त्या कलावंताने नेमके काय केले, जे त्याच्याआधी कुणी तसे केले नव्हते? पहिल्या दोन प्रश्नांना इतिहास लागतो, तिसऱ्याला कान. ‘आईदा’च्या तिसऱ्या अंकात मायभूमीच्या आठवणीचे गाणे आहे. त्यात सूर वरच्या षड्जापर्यंत चढतो, आणि व्हेर्दीने तिथे ‘मधुरपणे’ अशी सूचना लिहून ठेवली आहे. अनेक गायिकांना तिथे ओरडावे लागते. १९८५च्या त्या निरोपाच्या प्रयोगाचे चित्रण उपलब्ध आहे. प्राइस तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. ते लावावे, आणि गाणे संपल्यावरच्या टाळ्या किती मिनिटे चालल्या हे मोजण्याऐवजी टाळ्यांच्या आधीचा तो सूर ऐकावा.