न पाहता दिलेली साक्ष

गेल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात पेशींचा धडा संपला होता आणि आम्ही मुलींना प्रयोगवही पूर्ण करायला सांगितले होते. प्रयोग कांद्याच्या पापुद्र्याचा. साहित्य, कृती, आकृती सगळे फळ्यावर लिहून दिले. निरीक्षणाच्या जागी काय लिहायचे तेही सांगितले : 'विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसल्या. प्रत्येक पेशीत केंद्रक दिसले.' वर्गाने माना खाली घालून उतरवून घेतले. एक मुलगी मात्र पेन हातात धरून तशीच बसली होती. विचारले तर म्हणाली, "टीचर, देखा तो है ही नहीं, फिर मुशाहदे में क्या लिखें?"

आम्ही तिला दटावले. फळ्यावर आहे ते लिही, वेळ घालवू नकोस, म्हणालो. तिने लिहिले. आम्ही वही तपासून सही केली.

पण तो प्रश्न घरापर्यंत आमच्याबरोबर आला. उर्दू माध्यमाच्या पुस्तकांत निरीक्षणाला 'मुशाहदा' म्हणतात. ज्या धातूपासून हा शब्द बनला, त्यापासूनच 'शहादत', म्हणजे गवाही, हा शब्द बनला. मराठीतला 'साक्षी'ही तसाच. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. म्हणजे आम्ही वर्गभर मुलींकडून न पाहिलेल्या गोष्टीची गवाही लिहून घेतली होती आणि तिच्याखाली सहीही केली होती. खोटी गवाही हा केवढा मोठा गुनाह आहे हे घरी मुलांना सांगायचे, आणि शाळेत तिलाच गुण द्यायचे!

शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता असे नाही. एक होता, कपाटात, कुलपात. फुटला तर भरपाई कोणी करायची या भीतीने आम्हीच तो बाहेर काढत नव्हतो. शिवाय एका यंत्रावर पन्नास मुली म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा मिनिटही येत नाही. म्हणून ठरवले, प्रत्येक गटाने आपले यंत्र आपणच करायचे.

आमचे गाव यंत्रमागाचे. दुसऱ्याच दिवशी एका मुलीने अब्बांची पिक ग्लास आणली. कापडाच्या एका इंचात ताण्याचे-बाण्याचे किती धागे बसले ते मोजायची ही घडीची छोटी काच. तिच्याखाली ओढणीचे सूत दोरखंडासारखे दिसले, पण कांद्याच्या पेशी काही नीट दिसेनात. तेव्हा आम्ही मुलींना हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूकची हकिकत सांगितली. तोही कापडाचा व्यापारी होता. लॅटिन येत नव्हते, विद्यापीठात गेलेला नव्हता. स्वतःच्या हाताने मण्याएवढी भिंगे घासून त्याने पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले आणि 1676 साली आपल्या डच भाषेतच लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. विद्वानांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने भिंगातून ते जीव पाहिलेल्या गावातल्या मान्यवरांच्या लेखी साक्षी पाठवल्या. पुढे 1677 मध्ये रॉबर्ट हूकने तोच प्रयोग करून पाहिला, त्याला ते जीव दिसले, आणि मग लेवेनहूकचे म्हणणे मान्य झाले.

आमचे पहिले यंत्र पाण्याच्या थेंबाचे. शादीच्या जाड दावतनाम्याचा तुकडा घेतला, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासली म्हणजे कागद पाणी पीत नाही. दाभणाने दोन-तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडले, कडेला किंचित व्हॅसलीन लावले आणि औषधाच्या ड्रॉपरने भोकात पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब फुगीर बसला की भिंग तयार. थेंब जितका लहान आणि गोल, तितकी वस्तू मोठी दिसते. पाणी लवकर सुकते. त्याऐवजी ग्लिसरीनचा थेंब घेतला तर बराच वेळ टिकतो.

स्लाइड म्हणून फोटो फ्रेमवाल्याकडचे काचेचे तुकडे आणले. त्यांच्या कडा आधी आम्ही दगडावर घासून बोथट केल्या. कांद्याच्या जाड पाकळीची आतली बाजू मोडून ओढली की पारदर्शक पापुद्रा निघतो. तो काचेवर पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरायचा. मग काच खिडकीच्या उजेडाकडे धरायची, थेंबाला डोळा जवळजवळ टेकवायचा आणि पापुद्रा अगदी जवळ आणायचा. भिंग सूर्याकडे मात्र कधीही धरायचे नाही, ही ताकीद आम्ही रोज दिली.

दिसले! पुसट, कडेला वाकडे, पण लांबट विटांच्या रांगा दिसल्या. वर्गात एवढा गलका झाला की शेजारच्या वर्गावरचे सर पाहायला आले आणि तेही रांगेत उभे राहिले.

केंद्रक मात्र कोणालाच दिसले नाही. आता आकृतीत ते काढायचे की नाही? पुस्तकात तर आहे. सर म्हणाले, "काढू द्या, नाहीतर पुढे परीक्षेत गुण जातील." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आम्ही क्षणभर अडखळलो. मग मुलींना सांगितले, पुस्तकातली आकृती पाठ करा, परीक्षेत ती विचारली तर काढा. पण निरीक्षणात जे दिसले तेच लिहा. मुलींनी लिहिले, 'केंद्रक दिसले नाही.' आणि त्याखाली प्रथमच, न सांगता, कारणांची चर्चा सुरू झाली. थेंब कमी पडतो का? की केंद्रकाला रंगच नाही, म्हणून ते वेगळे कळत नाही?

दोन्ही शंका बरोबर होत्या. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणून पाण्यात थोडे टाकले आणि पापुद्रा त्यात पाच मिनिटे ठेवला. एकीने भावाच्या मोडक्या लेझर टॉर्चमधले इवलेसे भिंग आणले. ते काढण्याआधी आम्ही टॉर्चचे सेल काढून घेतले, कारण लेझर डोळ्यांना घातक असतो. भिंग केसांच्या पिनेत पकडून आमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवले. दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर काच, खाली उजेड, वर मोबाइल. पडद्यावर पेशी उमटल्या आणि बऱ्याच पेशींत एकेक गडद ठिपका.

दोन गटांनी काळ्या कडेचे मोठे गोल पाहून तेच केंद्रक म्हणून काढले होते. ते हवेचे बुडबुडे निघाले. पापुद्रा हळूच उचलून पुन्हा पसरला तर ते गायब झाले, ठिपके जागेवरच राहिले. चुकलेली आकृती आम्ही खोडायला लावली नाही, शेजारी दुसरी काढायला लावली.

सगळा खर्च एका गटाला एका वडापावापेक्षा फार झाला नसेल. कपाटातला सूक्ष्मदर्शक अजून हवाच आहे, हाताने केलेल्या भिंगाला त्याची सर येत नाही. तो आता दर शनिवारी बाहेर येतो. थेंबाचे भिंग सांभाळलेल्या मुली त्यालाही जपून हात लावतात.

बंधू-भगिनींनो, आपल्या मुलाची प्रयोगवही एकदा उघडून पाहा. निरीक्षणाखाली जे लिहिले आहे ते त्याने पाहिले आहे का, एवढेच विचारा. नाही म्हणाला तर रागवू नका, आमच्याच वर्गात तसे झाले होते. स्वयंपाकघरातून एक कांदा आणि घरातली एखादी जुनी दावतपत्रिका त्याच्या हाती द्या.

त्या मुलीने आपल्या जुन्या पानाखाली एक ओळ लिहून वही आमच्यापुढे ठेवली : 'हे निरीक्षण न पाहता लिहिले होते. पाहिलेले पुढच्या पानावर आहे.' आम्ही दोन्ही पानांवर त्या दिवसाची तारीख घालून सही केली.