पोटातले जंतू आणि कॅन्सरचे इंजेक्शन

अमरावतीहून अकोल्यामार्गे मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत टाटा रुग्णालयाची फाईल छातीशी धरून बसलेले एखादे कुटुंब हमखास दिसते. अनेकदा आजार तोंडाचा असतो आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा खर्रा. हल्ली अशा फाईलमध्ये ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द दिसू लागला आहे, आणि घरचे विचारतात, शेत विकून हे इंजेक्शन द्यावे का?

हे औषध कॅन्सरला थेट मारत नाही. शरीराच्या रक्षक पेशींना अल्लाहने एक ब्रेक दिला आहे, म्हणजे त्या आपल्याच अंगावर उलटू नयेत. कॅन्सर तोच ब्रेक दाबून ठेवतो. औषध तो सोडवते. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

किमतीचा प्रश्न आपल्याच मुंबईत थोडा सुटला. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश व सहकाऱ्यांनी डोके-मान-तोंडाचा कॅन्सर बळावलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. निवोलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, आणि सोबत स्वस्त गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरातले सुमारे १६ रुग्ण हयात होते, इंजेक्शनसह ४३. म्हणून शेताचा सौदा करण्याआधी डॉक्टरांना कमी मात्रेबद्दल जरूर विचारा.

तरीही अनेकांवर औषध चालत नाही. का? एक उत्तर आतड्यात सापडले. तिथले अब्जावधी जंतू रक्षक पेशींना जणू तालीम देतात. २०१८ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी दाखवले की उपचाराच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांना या औषधाचा फायदा कमी झाला. २०२१ मध्ये अमेरिका व इस्रायलमध्ये, औषध न चाललेल्या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या आतड्यात बऱ्या झालेल्या रुग्णांच्या विष्ठेतले जंतू सोडले. ऐकून तोंड वाकडे होईल, पण १५ पैकी ६ आणि १० पैकी ३ जणांना त्यानंतर फायदा झाला. हे अजून प्रयोगच आहेत.

आपल्या घरात मात्र खरी अडचण वेगळी आहे. ताप आला, जुलाब झाले की आपण मेडिकलवरून पाच गोळ्या आणतो. इम्युनोथेरपीच्या रुग्णाला जुलाब झाले, तर ब्रेक सुटलेल्या पेशींनी आतड्यावरच हल्ला केलेला असू शकतो. त्यावर वेगळे औषध लागते आणि उशीर जिवावर बेततो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उलट डॉक्टरांनीच संसर्गासाठी अँटिबायोटिक दिले असेल, तर ते पूर्ण घ्या. हा लेख वाचून बंद करू नका.

खाण्याचे म्हणाल तर २०२१ च्याच आणखी एका अमेरिकी अभ्यासात, रोज २० ग्रॅमहून अधिक चोथा खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. प्रोबायोटिकच्या विकतच्या गोळ्यांचा मात्र फायदा दिसला नाही. तेही रुग्ण त्वचेच्या कॅन्सरचे होते, म्हणून फार मोठी आशा लावू नये. पण शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो आणि आपल्या वऱ्हाडात भाकरी काही महाग नाही. तोंड उघडत नसेल, भाकरी चावता येत नसेल, तर ज्वारीच्या कण्या मऊ शिजवा, तुरीचे वरण पातळ करून द्या. आजाऱ्यासाठी हदीसमध्ये सांगितलेला तलबीना, म्हणजे जवाची पातळ खीर, इथे उपयोगी पडते. कॅन्सरचे औषध म्हणून नव्हे, पौष्टिक आणि गिळायला सोपे म्हणून. गिळताना ठसका लागत असेल किंवा आतड्याचे ऑपरेशन झाले असेल, तर आधी विचारा.

इयादतीला येणारे प्रेमापोटी माजून, काढे, चूर्ण आणतात. नाकारून मन दुखवू नका. घ्या, पण रुग्णाला देण्याआधी त्याचे नाव फाईलमध्ये लिहा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा.